माल खपला कुठे? तीन प्लांटच्या सुट्या भागांचा हिशेब लावताना

२०१९ च्या पावसाळ्यात आमच्याकडे स्टार-डेल्टा स्टार्टरच्या, म्हणजे मोठ्या मोटरी चालू करणाऱ्या, २४० इलेक्ट्रिकल पॅनेलची ऑर्डर आली. एका पॅनेलला मोठे कॉन्टॅक्टर (मोटरचा वीजपुरवठा जोडणारे-तोडणारे स्विच) दोन, म्हणजे ४८० नग लागणार. मी तिन्ही प्लांटच्या एक्सेल शीट उघडल्या. भोसरी २६०, चाकण २२०, रांजणगाव १६०. एकूण ६४०. खरेदीला फोन करून मोठ्या रुबाबात सांगितलं, "मागवू नका, ऑर्डर होऊन १६० उरतात."

प्रत्यक्षात निघाले ३८५.

२५५ नग गेले कुठे, हे शोधायला मला चार दिवस लागले आणि त्या चार दिवसांत एकही चोर सापडला नाही. १८० नग भोसरीहून चाकणला गेले होते. चाकणने गाडी गेटवर येताच ते जमा केले. भोसरीच्या स्टोअरचे काका मात्र चलानाची सही झालेली प्रत परत आल्याशिवाय वजा करत नसत, आणि ती प्रत ड्रायव्हरच्या डॅशबोर्डवर पडली होती. तेच १८० दोन्हीकडे मोजले गेले. ६० नग रांजणगावात टेस्टिंगला लागलेल्या २० पॅनेलमध्ये कधीच बसले होते (तिथे एका पॅनेलला तीन बसतात, का ते पुढे येईल), पण तिथे वजाबाकी पॅनेल गाडीत चढल्यावर व्हायची. उरलेले १५ लाल रॅकमध्ये, रिजेक्ट म्हणून. मिळून २५५. मग आमच्या खरेदीच्या मुलाने बुधवार पेठेत तपकीर गल्लीत दुकान दुकान फिरून कमी पडलेले ९५ नग गोळा केले. भाव विचारायची सोय नव्हती.

मी २००४ साली भोसरीत इश्यू स्लिपा (स्टोअरने माल दिल्याच्या चिठ्ठ्या) पंच करायला लागले, आता तिन्ही प्लांटचं मटेरियल बघते. भोसरीत आमचं पत्र्याचं काम आणि मुख्य स्टोअर आहे, चाकणला पॅनेलची असेंब्ली, रांजणगावला वायरिंगचे हार्नेस (मापाने कापून बांधलेले वायरींचे जुडगे) आणि असेंब्लीची दुसरी छोटी लाइन. त्या ९५ नगांनंतर जी पद्धत बसवत गेलो, ती इथे लिहिते आहे. तुमच्याकडे पंप बनत असतील, सीट बनत असतील, भाग बदलतील, पण घोळ याच जागी होतात.

स्टोअरच्या खिडकीतून गेलं म्हणजे खपलं नाही

बहुतेक कारखान्यांत खप म्हणजे इश्यू स्लिपांची बेरीज. स्टोअरने लाइनला १०० दिले, खप १०० लिहिला. पण लाइनवर ते १०० दोन आठवडे बेंचखाली पडलेले असू शकतात. सुपरवायझर माल दडवतो तो लबाडीने नव्हे, भीतीने. परवा माल नाही म्हणून त्याची लाइन थांबली, शिव्या त्याने खाल्ल्या, आता तो पोटापुरता जास्त उचलून ठेवतो. आमच्याकडे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, मशिनं धुऊन पुसून पूजा मांडतात. त्या साफसफाईत दरवर्षी एवढा माल बाहेर येतो की मी आता आदल्या दिवशीच रिकामे क्रेट पाठवून ठेवते. गेल्या वर्षी एका लॉकरमधून ओव्हरलोड रिलेचे दोन पूर्ण खोके निघाले. मी त्या दादांना काही बोलले नाही. बोलले असते तर पुढच्या वर्षी आणखी चांगली जागा शोधली असती त्यांनी.

म्हणून पहिला बदल असा करा: इश्यू म्हणजे जागा बदलणं, खप नव्हे. स्टोअरमधून लाइनला दिलेला माल सिस्टिममध्ये 'स्टोअर'मधून 'लाइन'ला जातो, एवढंच. खपाची नोंद पॅनेल तयार झाल्यावर, त्याच्या बीओएमप्रमाणे (एका पॅनेलला कुठला भाग किती लागतो त्याची यादी), 'लाइन'मधून होते. याला आमच्यात बॅकफ्लश म्हणतात. एवढं केलं तरी निम्मा गोंधळ मिटतो, कारण लाइनवर किती माल पडून आहे हे पहिल्यांदाच कागदावर दिसायला लागतं.

प्रत्येक प्लांटला या जागा लागतातच: स्टोअर, लाइन, क्वालिटीने रोखलेला माल, रिजेक्शन, आणि त्या प्लांटने जॉबवर्कला, म्हणजे बाहेरून काम करून घ्यायला, पाठवलेला माल. शिवाय सगळ्या प्लांटमध्ये मिळून एक जागा, 'वाटेवर'. यापेक्षा जास्त जागा करू नका. एका सल्लागाराने आम्हाला रॅकच्या कप्प्यागणिक जागा करून दिल्या होत्या. दोन महिन्यांत सगळा माल 'ए-१' कप्प्यात गेला, कारण यादीत तो पहिला यायचा.

वाटेवरचा माल

एकापेक्षा जास्त प्लांट असले की खरी मारामारी इथे असते, म्हणून जरा थांबून सांगते.

पाठवणाऱ्याने गाडी गेटबाहेर पडताना वजा करायचं. सही झालेल्या प्रतीची वाट बघायची नाही. घेणाऱ्याने माल मोजून उतरवल्यावर जमा करायचं. मधल्या वेळात माल 'वाटेवर' या खात्यात असतो. दोन्ही नोंदींना दुवा एकच, चलानाचा नंबर. सॅप (साठा-हिशेबाचं सॉफ्टवेअर) असेल तर त्यात एका टप्प्यात प्लांट-टू-प्लांट करायला ३०१ नंबरची नोंद आहे. ते वापरू नका. त्यात इथून वजा होऊन तिथे लगेच जमा होतं आणि गाडी मोशीच्या ट्रॅफिकमध्ये असताना चाकणच्या प्लॅनिंगला वाटतं की माल आला. ३०३ ने पाठवा, ३०५ ने घ्या. ईआरपीनेक्स्ट किंवा टॅली असेल तर 'वाटेवर' नावाचं वेगळं वेअरहाउस किंवा गोडाउन उघडा आणि दोन नोंदी करा. एक्सेल असेल तर चौथी शीट. साधनावाचून अडत नाही.

६० पाठवले आणि ५८ पोचले, तर ५८ च जमा करा. उरलेले दोन 'वाटेवर' राहू द्यात. ६० जमा करून 'नंतर बघू' म्हणालात की ते दोन तुमच्या अंगावर आले, आणि महिन्याने ते भोसरीत कमी भरले होते की वाटेत गळाले की तुमच्याच लाइनवर हरवले, हे सांगायला कुणी उरत नाही.

मी रोज दुपारी चारला 'वाटेवर'ची यादी काढते. भोसरी-चाकण त्याच दिवशी मिटलं पाहिजे. रांजणगावला जाणारी गाडी शिक्रापूरमार्गे दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मी सोडते. त्यापुढे गेलं की दोन्हीकडे फोन. अपवाद दोनच. माउलींची पालखी आळंदीहून निघते त्या दिवसांत मोशी-आळंदीच्या रस्त्यांवर आमचा छोटा हत्ती पुढे सरकत नाही, आणि अंगारकीला रांजणगावच्या महागणपतीला गर्दी असते. ते दिवस मी जानेवारीतच कॅलेंडरवर लाल करून ठेवते आणि दोन दिवसांचा माल आधीच पाठवते. नाहीतर प्लॅनिंगवाले 'वाटेवर'चा माल हातात धरून बसतात.

कागदांचं थोडक्यात: आमचे तिन्ही प्लांट महाराष्ट्रात, एकाच जीएसटी नंबरखाली अतिरिक्त जागा म्हणून नोंदलेले आहेत. त्यामुळे एकातून दुसऱ्यात जाणारा माल ही विक्री नाही, डिलिव्हरी चलानावर जातो. उद्या कर्नाटकात प्लांट काढलात तर त्याचा नंबर वेगळा, मग टॅक्स इन्व्हॉइस लागेल. ई-वे बिलाची (मालवाहतुकीसाठी ऑनलाइन काढायचा कागद) मर्यादा राज्यांतर्गत मालाला आपल्याकडे एक लाखाची आहे. कॉन्टॅक्टरचे चार खोके त्यापुढे सहज जातात, तेव्हा गाडी भरतानाच किंमत बघा.

प्रत्येक प्लांटचं बीओएम वेगळं असतं, मान्य करा

बॅकफ्लशचा सगळा जीव बीओएममध्ये. ते चुकलं तर सिस्टिम रोज तीच चूक मुकाट्याने करत राहते.

आमचंच बघा. स्टार-डेल्टामध्ये तीन कॉन्टॅक्टर असतात: मेन, डेल्टा आणि स्टार. मेन आणि डेल्टामधून मोटरच्या लाइन करंटच्या ५८ टक्के करंट जातो, स्टारमधून फक्त ३३ टक्के. म्हणून चाकणचा डिझाइनर स्टारला एक साइज लहान कॉन्टॅक्टर घालतो. रांजणगावात मात्र गिऱ्हाइकांचा आग्रह असतो की तिन्ही सारखेच हवेत, म्हणजे स्पेअर एकच ठेवावा लागतो. दोन्ही बरोबर. पण सिस्टिममध्ये बीओएम एकच होतं, चाकणचं. त्यामुळे रांजणगावात मोठे कॉन्टॅक्टर कायम कमी भरत आणि लहान कायम जास्त. वर्षभर सगळे म्हणत होते, रांजणगावचं स्टोअर ढिसाळ आहे. तिथले काका बिचारे दर महिन्याला स्पष्टीकरण लिहायचे.

दुसरी चूक याहून फसवी. रांजणगावात वायर कापून हार्नेस होतात आणि तयार हार्नेस चाकणला जातात. म्हणजे वायरचा खप रांजणगावात, आणि चाकणला खप हार्नेसचा. आमच्या चाकणच्या बीओएममध्ये हार्नेसही होता आणि जुनी वायरही. एकच वायर दोन प्लांटमध्ये दोनदा वजा. चाकणला वायरचा साठा उणे दिसायचा आणि अकाउंट्सवाले दर महिन्याअखेरीला तो 'अॅडजस्ट' करून शून्यावर आणायचे. अॅडजस्टमेंटची नोंद दर महिन्याला त्याच आयटमला, त्याच दिशेने होत असेल तर ती तफावत नाही. ते तुमचं बीओएम ओरडून सांगतंय.

बीओएम तपासायला कॉम्प्युटरसमोर बसू नका. पूर्ण झालेलं एक पॅनेल घ्या, दार उघडा, प्रिंट हातात धरा आणि लाइनच्या जुन्या वायरमनला शेजारी उभं करा. आम्ही पहिल्या दिवशी सहा पॅनेल अशी वाचली आणि पाच बीओएम चुकीची निघाली.

खपाची नोंद कुठल्या क्षणी

आमचा नियम: टेस्टिंग पास झालं, शिक्का पडला, की त्याच पाळीत प्रॉडक्शनची नोंद. गाडीत चढल्यावर नाही, आणि महिन्याच्या शेवटी एकगठ्ठा तर नाहीच. उशिरा नोंद म्हणजे तेवढे दिवस खपलेला माल साठ्यात दिसत राहतो. ते ६० कॉन्टॅक्टर आठवा.

बॅकफ्लश करताना लाइनवर साठा कमी असेल तर सॅपमध्ये ती ओळ अडकते आणि सीओजीआयच्या यादीत जाऊन पडते. प्रॉडक्शनची नोंद होते, खपाची होत नाही. ही यादी बघणारा माणूस ठरलेला नसेल तर ती फुगत जाते. मी एकदा तीन महिन्यांच्या ओळी साचलेल्या पाहिल्या आहेत. आमच्याकडे आता प्रत्येक प्लांटचा स्टोअरवाला सकाळचा चहा यादी रिकामी करून मग पितो. आणि ओळ सोडवायची म्हणजे काय? माल नक्की होता, मग इश्यूची नोंद राहिली का, हे शोधायचं. साठा हाताने वाढवून ओळ पुढे ढकलणं म्हणजे केर गालिच्याखाली सारणं.

स्क्रू, वॉशर, लग, फेरूल यांच्या मागे लागू नका. त्यांना दोन डबे ठेवा. पहिला रिकामा झाला की तो स्टोअरला येतो, भरून जातो, आणि भरला त्या क्षणी खप धरायचा. इथे मात्र इश्यू म्हणजेच खप. तत्त्वाला चिकटून फेरूल मोजत बसलात तर कॉन्टॅक्टर मोजायला वेळ उरणार नाही. वजनकाट्यावर मोजत असाल तर नमुना दहाचा घेऊ नका, शंभराचा घ्या, आणि नवीन लॉट आला की नमुना पुन्हा. प्लेटिंगच्या थराने वजन बदलतं.

आठवड्याचा ताळा

आता मुख्य काम. भोसरीची सुट्टी गुरुवारची, औद्योगिक पट्ट्यातली विजेच्या भारनियोजनापासूनची जुनी रीत. चाकण आणि रांजणगावला रविवारची. आधी प्रत्येक प्लांट आपापल्या सुट्टीच्या आदल्या दिवशी मोजायचा आणि आकडे कधी जुळायचे नाहीत, कारण मधल्या दिवसांत गाड्या फिरलेल्या. आता बुधवारी दुसरी पाळी सुटली की तिन्हीकडे एकाच वेळी रेघ. तिसरी पाळी आमच्याकडे नाही. तेव्हा गेटबाहेर असलेली गाडी 'वाटेवर'.

सगळं मोजत नाही आम्ही. किमतीने सगळ्यांत वरचे तीस आयटम दर आठवड्याला, मधले महिन्याला पाळीपाळीने, बाकी वर्षातून दोनदा.

चाकणच्या एका आठवड्याचा मोठ्या कॉन्टॅक्टरचा हिशेब मांडते. सुरुवातीला स्टोअर आणि लाइन मिळून ३१०. व्हेंडरकडून आले २००. रांजणगावला पाठवले ६०. रिजेक्ट ४. शेवटी मोजून १९८. ३१० अधिक २००, वजा ६०, वजा ४, वजा १९८ म्हणजे प्रत्यक्ष खप २४८. आठवड्यात १२० पॅनेल पास झाली, दोनप्रमाणे खप हवा २४०. आठ जास्त.

इथेच लोक आरडाओरडा सुरू करतात. थांबा. अर्धवट पॅनेल बघा. आठवड्याच्या सुरुवातीला एक पॅनेल कॉन्टॅक्टर बसवून टेस्टिंगला उभं होतं, शेवटी चार होती. तीन वाढली, म्हणजे सहा कॉन्टॅक्टर अर्धवट मालात आहेत. आठातून सहा गेले, राहिले दोन. ते दोन सर्व्हिसचा मुलगा शनिवारी संध्याकाळी गिऱ्हाइकाकडे ब्रेकडाउन म्हणून घेऊन गेला होता, स्लिप न लिहिता. त्याला फोन केला तर म्हणाला, "ताई, सोमवारी सांगणारच होतो." स्लिप लिहून घेतली, तफावत शून्य.

आठवड्याने मोजल्यामुळे ते दोन त्याला आठवत होते. तीन महिन्यांनी विचारलं असतं तर कुठले दोन?

वायरचं वेगळं असतं. रांजणगावात त्याच आठवड्यात १२० हार्नेस सेट झाले, एकाला ४२ मीटर, म्हणजे ५०४० मीटर. ९० मीटरच्या कॉइलने बरोबर ५६. गेल्या ५९, म्हणजे ५३१० मीटर. आम्ही कापाकापीत ४ टक्के घट मान्य करतो, तरी ५२४१ च्या आसपासच यायला हवं होतं. साधारण ६८ मीटर जास्त. चौकशीत निघालं की हार्नेसच्या फळीवरचा एक खिळा हलला होता आणि एक फांदी प्रत्येक सेटमध्ये अर्धा मीटर लांब निघत होती. १२० सेटचे साठ मीटर झाले की.

अर्धवट कॉइल डोळ्यांनी मोजू नका, प्रत्येकाचा अर्धा वेगळा असतो. त्याच वायरचे दहा मीटर मोजून कापा आणि वजन करा. समजा २०० ग्रॅम भरलं. मग उरलेली कॉइल ९०० ग्रॅमची असेल तर ४५ मीटर. वजन दर कंपनीच्या वायरीला वेगळं काढा, पुस्तकातलं घेऊ नका. आणि खरेदी कॉइलमध्ये, खप मीटरमध्ये असेल तर सिस्टिममधलं रूपांतर एकदा स्वतः तपासा. शंभर मीटरची पॅकिंग आली आणि सिस्टिम ९० धरत असेल तर दर कॉइलला दहा मीटर आकाशातून पडतात.

तफावतीचा चेहरा

वीस वर्षांत एक गोष्ट शिकले: किती फरक आहे यापेक्षा फरक कसा आहे ते बघायचं. फरकाचा आकडा बहुतेक वेळा स्वतःच बोलतो.

एका आयटमला १२ कमी आणि शेजारच्याला १२ जास्त, ही जुळी भावंडं. एका ब्रँडचा माल नव्हता, दुसऱ्याचा लावला, तोंडी परवानगी घेतली आणि नोंद जुन्याच कोडवर केली. आमच्याकडे आता पर्यायी भाग लावायचा तर पिवळी स्लिप लागते आणि त्यावर पॅनेलचा नंबर. स्लिप नसेल तर क्वालिटी शिक्का मारत नाही. हे केल्यापासून जुळी भावंडं क्वचितच भेटतात.

फरक शंभर, पन्नास, दहा असा गोल असेल तर कागदात शोधा, लाइनवर नको. जीआरएनला, म्हणजे माल आल्याच्या पावतीत, खोका आणि नग यांची गल्लत झालेली असते. फरक बीओएमच्या पटीत असेल, म्हणजे मोठे कॉन्टॅक्टर ६ कमी, लहान ३ कमी, ओव्हरलोड ३ कमी, तर तीन पॅनेलची नोंद राहिली आहे. सरळ टेस्टिंगच्या वहीशी ताळा करा. एका प्लांटला जेवढं कमी तेवढंच दुसऱ्याला जास्त, तर चलान. दर आठवड्याला थोडं थोडं, एकाच दिशेने, तर बीओएम किंवा घट चुकीची. आणि कुठलाच नमुना नसलेला, अचानक, महागडा, खिशात मावणारा आयटम असेल तेव्हाच गेटवरच्या सिक्युरिटीशी बोला. मी इतक्या वर्षांत दोनदा बोलले. एकदा माझंच चुकलं होतं, ते मला अजून बोचतं.

बाहेर गेलेला आणि बाद झालेला माल

भोसरीतले पॅनेलचे पत्र्याचे डबे पावडर कोटिंगला बाहेर जातात. ते आपल्या भिंतीबाहेर असले तरी आपल्याच साठ्यात असतात, फक्त जागा 'जॉबवर्क'. जीएसटीत जॉबवर्कला पाठवलेला माल एका वर्षात परत आला नाही किंवा तिथूनच विकला गेला नाही, तर पाठवला त्या दिवशीच विक्री झाली असं धरतात आणि व्याजासकट भरावं लागतं. पाच कोटींवर उलाढाल असेल तर आयटीसी-०४ (जॉबवर्कच्या मालाचा जीएसटी फॉर्म) सहा महिन्यांनी भरायचा असतो. तो भरायच्या आठवड्यात जॉबवर्करकडे जाऊन डबे मोजणं ही आमच्याकडची जुनी करमणूक होती. आता दर महिन्याला त्यांच्याकडून सहीचा साठा मागवते. डबे कोटिंग होऊन थेट चाकणला गेले तर परतीची नोंद भोसरीने करायची की चाकणने, हे आधी ठरवा, नाहीतर कुणीच करत नाही.

रिजेक्ट माल लाल रॅकमध्ये गेला त्याच दिवशी 'रिजेक्शन'ला हलवा, कारणासकट: व्हेंडरचा दोष की आपल्या हातून तुटला. व्हेंडरचा असेल तर परत जाईल. आपल्या हातून गेलेला, हरवलेला किंवा बाद केलेला माल असेल तर त्यावर घेतलेलं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) सोडावं लागतं, म्हणून अकाउंट्सला महिन्याच्या महिन्याला यादी द्या. उत्पादकाने महिन्याला किती कच्चा माल वापरला, किती माल तयार झाला आणि किती वाया गेला याचा हिशेब ठेवायचाच असतो, हा जीएसटीच्या नियम ५६ मध्येच आहे. आठवड्याचा ताळा करत असाल तर तो आपोआप तयार होतो.

सुरुवात करायची तर

सगळ्या आयटमवर एकदम जाऊ नका. आम्ही तसं केलं आणि तिसऱ्या आठवड्यात सगळे थकले. दहा आयटम निवडा, महागडे आणि तिन्ही प्लांटमध्ये वापरले जाणारे. पहिल्या बुधवारी फक्त मोजा आणि लिहा, कुणाला जाब विचारू नका. दुसऱ्या बुधवारी ताळा काढा. तो भयानक येईल. आमचा पहिला ताळा बघून प्लांट हेड म्हणाले, "मॅडम, हा आकडा वर पाठवू नका." मी पाठवला, पण सोबत कारणं लिहून: इतके 'वाटेवर', इतके अर्धवट, इतके बीओएमचे. ज्यांचं कारण सापडलं नाही तेवढे वेगळ्या रकान्यात, 'माहीत नाही' असं लिहून. तो रकाना झाकू नका. पहिल्या आठवड्यात आमच्या दहा आयटमांपैकी सातांत तो भरलेला होता, दिवाळीपर्यंत एकात.

आणि मोजणीला कधीही एकाच प्लांटचे दोघे पाठवू नका. चाकणचं मोजायला भोसरीचे काका जातात, भोसरीचं मोजायला रांजणगावचे. पहिल्यांदा काका चाकणला गेले तेव्हा दुपारी त्यांचा फोन आला: "अगं, इथल्या लाइनवर आपले जुने निळे क्रेट आहेत. ते मी तीन वर्षं शोधतोय." क्रेटमध्ये माल नव्हता. पण संध्याकाळी ते चौदा क्रेट घेऊन परतले, आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या चलानावर क्रेटचाही रकाना आहे.